तो काय म्हनला?

काशिनाथ पाटील. आमच्या प्रेस शॉपचे मिस्त्री, काशीदादा. हे नाव आधी लिहून टाकतो, कारण मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही, लिहायला बसलो की मूळ गोष्ट बाजूला राहते आणि भलतंच काही लिहून होतं. ज्या बोटांनी हे लिहितोय ती काशीदादांनी राखली. दहाच्या दहा. आता काय झालं ते सांगतो. सांगताना राग येणार आहे आणि तो मी आवरणार नाही.

वसई पूर्वेला, वालीवमध्ये, आमची कंपनी होती. कंपनी म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, आठ पॉवर प्रेस आणि मागे कॅन्टीन म्हणून दोन टेबलं. दाराच्या कड्या आणि बिजागऱ्या बनायच्या. वर पंच, खाली डाय, मध्ये पत्रा. पायाने पायडल मारलं की वरून दणका येतो. मध्ये पत्रा असो की बोट, दणका तेवढाच. दादांच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं अशीच गेलेली. तीस वर्षं त्या आवाजात काढल्याने कानही निम्मे गेलेले. माणूस खाडीकडच्या गावातला. घरचं भात, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. मागच्या खिशात कायम एक लाकडाची पट्टी, वीतभर. तयार माल डायमधून काढायला हात घालायचा नाही, पट्टी घालायची, हा त्यांचा हट्ट. आम्ही हातच घालायचो. पट्टीने वेळ जातो, नग कमी निघतात.

'ण' त्यांच्या तोंडात नव्हताच. पानी, कोन, मानूस. नवीन आलेलं कुणीही चार दिवसांत त्यांची नक्कल करायला लागायचं. सगळ्यात भारी नक्कल रफिकची. एकदा दादा मागे उभे असताना तो करून दाखवत होता. दादांनी पूर्ण होऊ दिली आणि म्हणाले, "माजा 'न' बरा सापडला तुला. तू दिवसाला 'लई' किती वेळा बोलतोस ते मोजू काय, उदगीर?"

रफिक उदगीरचा म्हणून तो उदगीर. मी जिंतूरकडचा म्हणून मी जिंतूर. दादा आम्हाला गावाच्याच नावाने हाक मारायचे. "ए जिंतूर, इकडे ये." घरापासून इतक्या लांब, जिथे आपल्याला ओळखणारं कुत्रंही नाही, तिथे कुणीतरी दिवसातून दहा वेळा आपल्या गावाचं नाव घेतं, याचं काय वाटतं ते गाव सोडलेल्यालाच कळेल.

पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला मशीनचं सांगायचं, ही पद्धत सगळीकडे आहे. आमच्याकडे दादांनी त्यात स्वतःची भर घातली होती. येणाऱ्याने ते ऐकून परत बोलून दाखवायचं, आणि जाणाऱ्याने 'बरोबर' म्हटल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. पहिल्या दिवशी रफिककडून मशीन घेतली तेव्हा दादा बाजूला येऊन रफिकच्या ओठांकडे बघत उभे राहिले.

"तो काय म्हनला?"

"डाय नीट बसलीय म्हणाला."

"आनि?"

"आणि काही नाही."

"तो म्हनला डाय नीट बसलीय, पन उजवा बोल्ट दोनदा ढिला झाला, तासातासाने बघ. तू निम्मं खाल्लंस. परत बोल."

सगळ्यांसमोर तीनदा बोलायला लावलं. पोरं हसत होती. मला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू येत नाही म्हणून हा सगळ्यांकडून दोनदा वदवून घेतो. बरेच दिवस सगळ्यांचा हाच समज होता.

सुटायच्या वेळी दुसरी एक गोष्ट. दारातून बाहेर पडताना दादांकडे बघून दोन्ही पंजे वर करायचे, बोटं फाकून. तेही करायचे. आमची दहा, त्यांची आठ. हाच आमचा निरोप. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटायचं पोलिसांनी धरलंय की काय.

मग कॅन्टीनमध्ये टीव्ही आला. शेठनेच आणला, दिवाळीला, मिठाईच्या डब्यांबरोबर. आधी क्रिकेट लागायचं, पिक्चर लागायचे. हळूहळू एकच चॅनल राहिलं, कारण शेठला तेच आवडायचं आणि शेठ चहाला तिथेच यायचा. संध्याकाळची चर्चा दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवत. अडीचला दुसऱ्या पाळीची माणसं जेवायला आलेली, पहिल्या पाळीचीही तेव्हाच जेवून तीनला मशीन द्यायला परत जायची, तेवढ्या वेळात सगळी शेड टीव्हीसमोर.

दादांना टीव्हीचं एक अक्षर ऐकू यायचं नाही, म्हणून ते फक्त बघायचे. पडद्यावर सहा खण आणि सहा खणांत सहा उघडी तोंडं, मधलं चर्चा चालवणाऱ्या कोटवाल्याचं. पहिल्याच दिवशी भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "सगळे एकदम बोलतात. ऐकनारा कुटं बसवलाय?"

"ऐकणारे आपण, दादा," कुणीतरी म्हणालं.

"असं? मग परत बोला. तो हिरव्या जाकिटवाला काय म्हनला?"

"तो? तो देशाच्या विरोधात आहे."

"ते त्याला तो कोटवाला म्हनला. तो स्वता काय म्हनला?"

कुणालाच सांगता येईना. एकाने दुसऱ्याकडे बघितलं. अर्धा तास आम्ही ते बघत होतो. शेवटी एकजण म्हणाला, "त्याला बोलूच कुठं दिलं?" दुसरा म्हणाला, "दादा, तुम्हाला ऐकायला येत नाही, म्हणून तुम्हाला असं वाटतं." सगळे हसले. दादाही हसले, आणि टीव्हीकडे पाठ करून बसले. पुढे रोज त्यांची जागा तीच, टीव्हीकडे पाठ.

मी मात्र अगदी पुढे बसायचो. आता माझं सांगतो, आणि इथेच मला सगळ्यात जास्त राग आहे. आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला आयुष्यभर एक भीती असते, की चार माणसांत बोललो तर अडाणीपणा उघडा पडेल. मी बँकेत फॉर्म भरायला गेलो तरी घामाघूम होतो. आणि इथे तो कोटवाला माणूस रोज मला फुकटात मोठे मोठे शब्द देत होता. षडयंत्र, अजेंडा, तुष्टीकरण, राष्ट्रहित. मला वाटायचं शाळा पुन्हा सुरू झाली. झोपायच्या आधी मोबाईलवर त्याचेच तुकडे बघायचो, दोन दोन मिनिटांचे, खाली लिहिलेलं असायचं, अमुकची बोलती बंद. कुणाची तरी बोलती बंद होणं, हा मला अभ्यास वाटत होता! बोट कसं रोखायचं, समोरच्याचं वाक्य कुठे तोडायचं, 'प्रश्न बदलू नका' कधी म्हणायचं, सगळं मी शिकलो. एक गोष्ट तेवढी शिकलो नाही, की तो काय बोलतोय. ती त्या शाळेत शिकवतच नव्हते. मी चोवीस वर्षांचा होतो, माझ्या हाताखाली प्रेस होती, आणि त्या माणसांनी माझे कान काढून घेतले. त्यांचं काय गेलं? ते कार्यक्रम संपल्यावर एकमेकांबरोबर चहा पीत असतील.

रफिक आणि मी एकाच खोलीत राहायचो. भाकरी मी करायचो, भाजी तो. त्याच्या आईने पाठवलेली शेंगदाण्याची चटणी आम्ही चमच्याचं टोक बुडवून बुडवून महिनाभर पुरवायचो. दोघांची बोली जवळजवळ एक. वालीवमध्ये माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारा तो एकटा होता.

त्या दुपारी टीव्हीवर कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी मिरवणुकीवरून भांडण चाललं होतं. रफिक नुकताच मशीन थांबवून जेवायला बसलेला. आणि मी, सगळ्यांसमोर, बोट रोखून म्हणालो, "यावर तुम्ही लोक कधी बोलत का नाही? एका शब्दात सांग. हो की नाही?"

तो घास हातात धरून बघत राहिला. "कशाला हो की नाही?"

आता गंमत अशी, की प्रश्न काय होता तेच मला आठवेना. खरंच आठवेना. पण मी थांबलो नाही. म्हणालो, "प्रश्न बदलू नकोस."

पोरांनी टेबल वाजवलं. कुणीतरी शिट्टी मारली. रफिकने डबा बंद केला आणि अगदी हळू म्हणाला, "दीड वर्ष झालं एका ताटात जेवतोस. 'तुम्ही लोक' कोण रे?" आणि उठून गेला.

मला वाटलं, मी जिंकलो. त्याची बोलती बंद केली. मागे वळून बघितलं तर दादा भाकरी तशीच ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. ऐकू आलं असेल की नाही, माहीत नाही. तोंड दिसलं असेल.

त्यानंतर खोलीत बोलणं बंद. मशीनवर बोलायलाच लागायचं, तर तो दुसरीकडे बघत बोलायचा आणि मी दुसरीकडे बघत मान हलवायचो. दादा प्रत्येक वेळी येऊ शकत नव्हते, आठ मशीन होत्या. दहाबारा दिवस असंच गेलं.

मग तो दिवस. तीन वाजले. रफिक स्टुलावरून उठला, कापडाने हात पुसत काहीतरी बोलला. माझ्याकडे न बघता, पण बोलला. त्याचे ओठ हलताना मला दिसत होते आणि त्या वेळात मी माझं वाक्य जुळवत होतो. तो भांडण काढेल, मग मी असं म्हणेन, मग तो तसं म्हणेल, मग मी त्याला असा गप्प करेन. तो बोलायचा थांबला आणि नळाकडे गेला. मी स्टूल ओढलं.

"उदगीर काय म्हनला?" दादा मागे उभे.

"नेहमीचंच."

"नेहमीचं काय? परत बोल."

"काही नाही हो दादा. डाय ठीक आहे."

"हे तू बोलतोस. तो काय म्हनला?"

आणि मी चिडलो. नग मोजले जातात, शेठ केबिनच्या काचेतून बघतोय, आणि हा म्हातारा मला शाळेतल्यासारखं उभं करतोय. मी ओरडलो, "दादा, तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून आम्ही रोज पाढे म्हणायचे का?"

आजूबाजूच्या दोन मशीन थांबल्या. दादांनी आपला तीन बोटांचा पंजा डायच्या पुढे टेबलावर ठेवला. म्हणाले, "मी बहिरा हाय. तुला काय झालंय?"

एवढे मोठे मोठे शब्द पाठ होते, त्यातला एक कामाला आला नाही.

ज्याला परत बोलता यायचं नाही त्याची मशीन ते स्वतः तपासायचे. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि डायवर आडवी ठेवली. "मार पायडल. एकदाच. पाय उचल."

मी मारलं आणि पाय उचलला. दणका. पंच वर गेला. तयार कडी काढायला माझा हात रोज ज्या क्षणी आत जातो तो क्षण आला, आणि कुणी पायडल न मारता प्रेस दुसऱ्यांदा खाली आली. आपोआप. पट्टीचे तीन तुकडे झाले. एक तुकडा उडून माझ्या छातीला लागला.

दादांनी मेन स्विच पाडला आणि पत्र्याच्या गठ्ठ्यावर बसले. काय टळलं ते मला अजून कळलंच नव्हतं.

नळावरून रफिक ओल्या हातांनी धावत आला. प्रेसकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलला. "सांगितलं होतं की तुला! सकाळपासून दोनदा डबल मारलंय, क्लच उघडून घे, तोवर चालवू नको!"

सांगितलं होतं. तीन हातांच्या अंतरावरून.

शेठने केबिनमध्ये बोलावलं. मला, रफिकला आणि दादांना. त्याला दादांवर चढायचं होतं, लाइन बंद पाडली म्हणून, पण आधी कुणीतरी गुन्हेगार सापडला तर काम सोपं होणार होतं. "सुबह से मशीन खराब, और बोला नहीं इसने?" रफिककडे बघत तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळला. "तू सांग. एका शब्दात. याने तुला सांगितलं होतं का? हो की नाही?"

तोच प्रश्न. तोच स्वर. शेठ आणि मी, दोघं त्याच कोटवाल्याकडून शिकलेलो. 'नाही' म्हणायला मला फक्त तोंड उघडायचं होतं. तो बोलताना ऐकलेला साक्षीदार कुणी नव्हता. रफिक त्याच संध्याकाळी बाहेर गेला असता आणि माझी चूक त्याच्याबरोबर गेली असती. आणि खरं लिहितो, माझ्या जिभेवर ते आलं होतं. नोकरी गेली तर गावी काय तोंड दाखवू, ही भीती मला कायमच असते.

दादा दाराशी उभे होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, "एका शब्दात नको. जेवडं हाय तेवडं बोल."

मी म्हणालो, "त्याने सांगितलं. तो बोलत होता आणि मी ऐकत नव्हतो. काय बोलला ते विचारलंत तर मला सांगता येणार नाही. पण तो बोलला."

शेठने मला जे ऐकवलं ते लिहीत नाही. प्रेस दोन दिवस बंद राहिली, क्लच उघडला, पंच वर थोपवणारी आतली किल्ली झिजलेली निघाली. रफिक राहिला. मीही राहिलो.

गेले ते दादा. त्यांनी दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमधल्या टीव्हीची वायर काढून आपल्या हत्यारांच्या पेटीत टाकली. म्हणाले, पाळी बदलताना हा बंद राहील, नंतर लावा. एवढंच म्हणाले. नंतर लावा, हे कुणी ऐकलंच नाही. म्हाताऱ्याची दादागिरी, म्हातारा सटकला, टीव्ही काय त्याच्या बापाचा आहे का. सगळे एकदम बोलत होते, अगदी पडद्यावरच्यासारखे. ज्यांचे हात त्यांनी वर्षानुवर्षं राखले ती माणसं! तक्रार शेठकडे गेली, शेठला तेच हवं होतं. त्याने दादांना सगळ्यांसमोर बोलावून गोड आवाजात सांगितलं, "दादा, आपका कान अब साथ नहीं देता. सेफ्टी का सवाल है."

सेफ्टी! त्या शेडमध्ये सेफ्टी म्हणजे काय हे माहीत असलेला एकच माणूस होता, त्याला सेफ्टीच्या नावाने घरी पाठवलं. आणि मी कुठे होतो? तिथेच, चौथ्या रांगेत. टीव्हीसमोर मला केवढी वाचा फुटायची. त्या दिवशी मी चपलांकडे बघत उभा राहिलो.

दादांनी शेठचं बोलणं पूर्ण ऐकलं, म्हणजे बघितलं. मग म्हणाले, "तुमी म्हनता माजे कान गेले, म्हनून मी जावं. बरोबर?" शेठ गडबडला. म्हणाला, "हां... बरोबर." त्याचंही त्यांनी परत बोलून दाखवलं होतं. मग पेटी उघडली, टीव्हीची वायर टेबलावर ठेवली, आणि दारातून जाताना पंजे वर केले. शेडमधल्या निम्म्यांनी केले. मी केले की नाही, आठवत नाही. केले असावेत असं स्वतःला सांगतो.

रफिक आता माझ्याशी बोलतो. पण चटणीचा डबा वेगळा ठेवतो. मी मागत नाही.

पुढे वर्षभरात कंपनी गुजरातच्या हद्दीत हलली आणि आम्ही तिच्याबरोबर. निघायच्या आधीच्या रविवारी मी दादांच्या गावी गेलो. रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. दादा ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेले, आणि आत टीव्ही. इतका मोठा आवाज की ओट्यावरची परात थरथरत होती. तोच कोटवाला. समोर त्यांचा नातू, बारावीतला, एक डोळा टीव्हीवर, एक मोबाईलवर. मी म्हणालो, आवाज जरा कमी करतोस का? तो म्हणाला, "आजोबांना ऐकायला येत नाही ना, म्हणून मोठा ठेवतो." आजोबा टीव्हीकडे पाठ करून बसले होते.

"जिंतूर!" दादा म्हणाले. "हात दाखव."

दाखवले. त्यांनी खरंच बोटं मोजली. हसले. मी म्हणालो, कंपनी चालली, मीही चाललो. त्यांनी माझे ओठ वाचले आणि म्हणाले, "कंपनी चालली, तूबी चाललास." मग आम्ही शेंगा सोलल्या. शेठसमोर मी गप्प राहिलो त्याबद्दल बोलायला मी गेलो होतो. ते बोलणं झालं नाही. आत सहा माणसं ओरडत होती आणि मला ते निमित्त पुरलं.

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. मी उठलो. दादाही उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी म्हणाले. एक वाक्य नव्हतं, चांगली चारपाच होती. सावकाश, माझ्याकडे बघत. त्याच वेळी आत कोटवाला किंचाळायला लागला आणि मला त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. ओठ वाचायला मी काही बहिरा नव्हतो.

ते बोलून थांबले आणि वाट बघायला लागले. रोज मशीनपाशी बघायचे तशी.

मी म्हणालो, "हो दादा."

त्यांना कळलं. चेहऱ्यावर दिसलं मला. 'परत बोल' म्हणतील असं वाटलं, म्हणायला हवं होतं, पण ते म्हणाले नाहीत. मी रिक्षात बसलो. गल्लीच्या वळणावरून मागे बघितलं तर ते ओट्याच्या पायरीवर उभे, दोन्ही पंजे वर, आठ बोटं फाकलेली. मी रिक्षातून दोन्ही हात बाहेर काढले. दहा.

दादा, सुट्टी मिळाली की मी येणार आहे. आल्यावर आधी आत जाऊन तो टीव्ही बंद करणार, तुमच्या नातवाला काय म्हणायचं ते म्हणू दे. मग तुमच्यासमोर बसणार. त्या दिवशी काय म्हणालात ते पुन्हा सांगा. मध्ये बोलणार नाही. मग सगळं परत बोलून दाखवेन, तुमच्याच शब्दांत, तुमच्या 'न'सकट, आणि तुम्ही 'बरोबर' म्हणेपर्यंत उठणार नाही. तुमचं देणं असंच फेडायचं आहे, आणि ते मी एक दिवस फेडीन.